परिषदेला मूडल वापरणाऱ्यांना पाठवा
नाशिकच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांचे संस्थाचालक आणि प्राचार्य यांस

सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडला नुकतीच मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरणाऱ्या शिक्षकांची परिषद झाली. उद्घाटनाला आपल्यापैकी बरेच जण आवर्जून आला होतात, त्याचं आम्हा शिक्षकांना बरं वाटलं. पण अशा परिषदेचं खरं काम दुपारच्या सत्रांत आणि चहाच्या टेबलाशी होतं, आणि तोवर आपल्याला आपापल्या कामाला निघावं लागलं होतं. तिथे जे घडलं ते आपल्या कानावर घालायला हवं, कारण त्याचं पुढे काय करायचं हे आपणच ठरवणार आहात.

मी बी.ए.च्या मराठी माध्यमाच्या वर्गांना भूगोल शिकवते. मागणी आधीच सांगून टाकते. पुढच्या वेळी अशा परिषदेला जो माणूस ही प्रणाली रोज वापरतो त्याला पाठवा, त्याचा पगार किंवा मानधन न कापता पाठवा, आणि तो परत आला की शिकलेलं करून बघायला त्याला वेळापत्रकात वेळ द्या. बाकी सगळं पत्र या मागणीची कारणं सांगण्यासाठी आहे.

ज्यांनी मूडलचं फक्त नाव ऐकलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर चालणारी ही शिकवण्याची प्रणाली आहे. शिक्षक तिच्यावर टिपणं ठेवतो, चाचण्या लावतो, गृहपाठ मागवतो, गुण देतो. मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसाने ती तयार केली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये तिची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. ती मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे महाविद्यालयाला परवान्यापोटी एक रुपयाही द्यावा लागत नाही. पैसे लागतात ते सर्व्हरला, आणि वेळ लागतो तो माणसांचा. सर्व्हरचे पैसे आपण दिलेत. माणसांच्या वेळेचा हिशेब अजून कुठल्याच अंदाजपत्रकात आलेला नाही.

आता चहाच्या टेबलाशी काय झालं ते सांगते.

पर्यावरण भूगोलाच्या एका चाचणीत मी एका शब्दात उत्तर लिहायचा प्रश्न घातला होता. उत्तर होतं ‘ऱ्हास’. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी ते बरोबर लिहिलं. मूडलने काहींना पूर्ण गुण दिले आणि काहींना शून्य. शून्य मिळालेली एक मुलगी फोन घेऊन आली, पूर्ण गुण मिळालेल्या मैत्रिणीचा फोनही घेऊन आली आणि दोन्ही फोन माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच शब्द, तोच ‘र’, तसाच हलका वळलेला. काना-मात्रेचाही फरक नाही. मी आमच्या विभागात विचारलं, संगणक विभागात विचारलं, कुणालाच उलगडा होईना. म्हणून त्या दोन उत्तरांचे फोटो मी परिषदेला बरोबर घेऊन गेले.

तिथे विदर्भातून आलेल्या मराठीच्या एका प्राध्यापकांनी फोटो पाहिला आणि लगेच कारण सांगितलं. हा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही कीबोर्ड साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात. मूडल पोरीचं उत्तर माझ्या उत्तराशी अक्षरागणिक ताडून बघत होतं, आणि ते जुळत नव्हतं. ‘शेतकऱ्यांचा’, ‘दऱ्या’, ‘किनाऱ्याची’ अशा प्रत्येक शब्दाला हाच धोका आहे, आणि भूगोलात असे शब्द पानोपानी येतात.

टेबलाभोवती आणखी काही जण जमले. एकाने सुचवलं की उत्तरात तारांकन घाला, म्हणजे त्या जागी कुठलीही अक्षरं आली तरी चालतील. दुसरीने लगेच दाखवून दिलं की ‘हास’च्या आधी तारांकन दिलं तर ‘इतिहास’ लिहिणाऱ्यालाही गुण मिळतील. शेवटी ठरलं ते साधंच. एका प्रश्नाला अनेक उत्तरं मान्य करता येतात, तर दोन्ही पद्धतींचा ‘ऱ्हास’ घालायचा, दोन्हींना १०० टक्के गुण द्यायचे आणि जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायची आज्ञा द्यायची. मी तिथेच लॅपटॉप उघडून ते केलं. काही मिनिटांत त्या मुलीचे आणि तिच्यासारख्या इतरांचे गुण दुरुस्त झाले.

संस्थाचालक महोदय, हे उत्तर मला कुठल्याही पुस्तिकेत सापडलं नव्हतं. ज्याच्या वर्गात तीच अडचण आली होती, त्याच्या तोंडून ते मिळालं. या परिषदांचं मोल इथे आहे. आणि या गोष्टीमागे आणखी एक गोष्ट आहे. मूडलमधल्या त्रुटी कुणालाही जाहीरपणे नोंदवता येतात आणि जगभरातले विकासक त्या नोंदी बघून दुरुस्त्या करतात. मराठीचा हा प्रश्न मूळ प्रणालीतच सुटायला हवा असेल, तर तो आपल्यापैकी कुणीतरी नीट मांडायला हवा. मूडलचं मराठी रूपांतरही स्वयंसेवकांच्या हातात आहे आणि ते अजून पुरं झालेलं नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला निम्मा पडदा मराठीत आणि निम्मा इंग्रजीत दिसतो. आपल्या जिल्ह्यात मराठीचे किती विभाग आहेत आणि किती चांगले विद्यार्थी त्यांतून बाहेर पडतात! एम.ए.च्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. ते जगभरच्या मराठी माणसांच्या उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट एका प्रयोगशाळा सहायकाची. ते ग्रामीण भागातल्या एका महाविद्यालयातून आले होते, स्वतःची रजा टाकून. आमच्या विद्यार्थ्यांना गृहपाठाच्या वहीचे फोटो मूडलवर चढवता येत नाहीत, ही तक्रार एका सत्रात निघाली. अनेक महाविद्यालयांतले शिक्षक एकदम माना डोलावू लागले. कुणी म्हणालं मुलांचा डेटा संपतो, कुणी म्हणालं फोन जुने आहेत. मग हे गृहस्थ उठले आणि म्हणाले की मुलांचा यात काही दोष नाही. मूडलमध्ये फाइलची मर्यादा कितीही वाढवली, तरी ज्या पीएचपी भाषेवर मूडल चालतं तिची खाली सर्व्हरवर स्वतःची मर्यादा असते, आणि ती कुणी बदलली नसेल तर २ एमबीच राहते. आजच्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा सहज त्यापेक्षा मोठा असतो. सर्व्हरच्या एका फाइलमधल्या दोन ओळी बदलायच्या, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, झालं.

सभागृहात क्षणभर कुणी काही बोललं नाही. कित्येक मुलांनी वेळेत केलेला गृहपाठ ‘न दिलेला’ म्हणून नोंदला गेला असेल, हे सगळ्यांच्या मनात आलं असणार. ज्या माणसाला हे ठाऊक होतं तो प्राध्यापक नव्हता. त्याच्या नावाने निमंत्रण नव्हतं, त्याला ओडी, म्हणजे कामावर असल्याची नोंद, नव्हती. आपल्या महाविद्यालयांत सर्व्हर सांभाळणारी, पासवर्ड बदलून देणारी, परीक्षेच्या दिवशी जनरेटरकडे धावणारी ही माणसं आहेत, आणि त्यांना परिषदेला पाठवावं असं आपल्या कुणाच्या मनात येत नाही. ते आता यावं.

मग येतात कोण? मी आजूबाजूला पाहत होते. बरेचसे विभागप्रमुख होते, आयक्यूएसीचे, म्हणजे गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक होते, आणि पदोन्नतीच्या फाइलला प्रमाणपत्र हवं असलेले सहकारी होते. त्यांना मी नावं ठेवत नाही. प्रमाणपत्र मोजायचं हा नियम त्यांनी केलेला नाही. पण आपल्या महाविद्यालयांत मूडलवर रोज काम करणारी माणसं बहुतेक तरुण आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहेत. अशा शिक्षकाला घेतलेल्या तासाचंच मानधन मिळतं. तो परिषदेला गेला तर त्या दिवसांचे तास बुडतात आणि तेवढं मानधन बुडतं, शिवाय नोंदणीचं शुल्क आणि एसटीचं भाडं पदरचं. माझ्याच विभागातल्या एका सीएचबी सहकाऱ्याने आमच्या मूडलवरचे निम्म्याहून जास्त कोर्स उभे केले आहेत. त्याला यायचं होतं. तो आला नाही, आणि का आला नाही हे मला विचारावंही लागलं नाही.

कायम शिक्षकाचीही गोष्ट फार वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. मूडलवर एक चांगली चाचणी तयार करायला, तिच्या प्रत्येक चुकीच्या पर्यायाला ‘हे का चूक’ असं लिहायला, नकाशे चढवायला जो वेळ जातो तो या १६ तासांत कुठेच दिसत नाही. तो रात्री घरी जातो, रविवारी जातो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली की मात्र त्याच चाचण्यांचे स्क्रीनशॉट तातडीने मागवले जातात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची, अंतर्गत मूल्यमापनाची कामं वाढली आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करायची मुभा दिली आहे. म्हणजे ही वाट आता मागे वळणारी नाही. मग त्या वाटेवरच्या कामाला वेळापत्रकात जागा नको का? आठवड्यातला एक तास, ज्यावर ‘मूडल’ असं लिहिलेलं असेल आणि ज्या तासाला त्या शिक्षकाला दुसरं काम सांगितलं जाणार नाही, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

परिषदेत कृत्रिम बुद्धिमत्तेवरही पुष्कळ बोलणं झालं. यंत्राने काढलेले प्रश्न तपासायला शेवटी विषयाचा शिक्षकच लागतो, म्हणजे पुन्हा वेळच लागतो. बाहेरचे स्टॉल मी पाहिले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

जास्त लिहायचं आहे ते पेठ, सुरगाणा आणि हरसूल या डोंगराळ आदिवासी भागातल्या मुलांबद्दल.

आमच्या वर्गात या भागातली मुलं आहेत. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत त्यांच्या घरची माणसं कामाला येतात, आणि पुष्कळदा तीही येतात. काढणी संपेपर्यंत त्यांची हजेरी तुटक असते. घरी गेली तर वाडीवर नेटवर्क नसतं. एखाद्या टेकाडावर, एखाद्या झाडाखाली ते सापडतं. अशा मुलाला रात्री आठ वाजता ऑनलाइन चाचणी लावली, तर ती त्याच्यासाठी नसतेच.

एका सत्रात दाखवलं गेलं की मूडलचं मोबाइल ॲप नेटवर्क नसतानाही चालतं. मुलाने महाविद्यालयाच्या वायफायवर कोर्स उतरवून घ्यायचा, घरी वाचायचा, आणि चाचणीसुद्धा नेटवर्कशिवाय सोडवायची. पुन्हा नेटवर्कमध्ये आला की उत्तरं आपोआप सर्व्हरवर जातात. यासाठी शिक्षकाने चाचणीच्या सेटिंगमध्ये ॲपवर ऑफलाइन सोडवण्याची परवानगी द्यावी लागते, आणि ती मुळात बंद असते. चाचणीला वेळेची मर्यादा लावलेली असेल तर ऑफलाइन चालत नाही. म्हणजे ‘वीस मिनिटांत वीस प्रश्न’ ही आपली सवय सोडून, ‘या आठवड्यात केव्हाही सोडवा’ असे विचार करायला लावणारे प्रश्न काढावे लागतात. तसे प्रश्न काढणं अवघड आहे. पण बागेतून थकून आलेली सुरगाण्याची मुलगी रात्री घरी बसून ते सोडवू शकते, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या मुलाइतकेच गुण मिळवू शकते. परवानगी द्यायला एक क्षण पुरतो. तशी चाचणी रचायला शिक्षकाचे कित्येक तास जातात. ते तास आपण द्यायचे आहेत.

ते सत्र इंग्रजीत झालं. सुरगाण्याच्या बाजूने आलेले एक शिक्षक मागच्या रांगेत बसले होते. हा विषय त्यांच्याच मुलांचा, आणि त्यांनी प्रश्न विचारला नाही. बाहेर चहाला मी त्यांना भेटले तेव्हा ते भडाभडा बोलले. त्यांच्या मुलांचे फोन कोणते, कोणत्या वळणावर नेटवर्क येतं, पावसाळ्यात किती दिवस वीज नसते, सगळं. ते सभागृहात बोलले असते तर सगळ्यांनाच ऐकायला मिळालं असतं. व्याख्याते बाहेरच्या राज्यांतून येतात, तेव्हा इंग्रजी लागणार हे मला समजतं. पण परिषद नाशिकमध्ये भरते आणि तिथे नाशिकच्या शिक्षकाला मराठीत प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे आपल्याला मान्य असू नये.

मूडल करणाऱ्या डूगियामसचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत गेलं. तिथे त्याची शाळा रेडिओवरून भरायची. ही प्रणाली अशा मुलाने केली आहे, म्हणून ती पेठच्या मुलाच्या उपयोगी पडावी याचं मला नवल वाटत नाही. आणि आपल्या नाशिकला तरी ही गोष्ट कुणी नव्याने सांगायला नको. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये इथेच सुरू झालं. राम ताकवले सरांसारखा माणूस त्याचा पहिला कुलगुरू होता. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. कारखान्यातला कामगार, शेतकरी, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई, यांच्यापर्यंत पुस्तकं टपालाने पोचवायची आणि अभ्यासकेंद्रांवर मार्गदर्शन करायचं, हे काम या शहराने तेव्हापासून केलेलं आहे. दूर राहून शिकणाऱ्या माणसाला काय अडतं हे समजणारे लोक आपल्याच शहरात आहेत. आपल्या महाविद्यालयांनी त्यांना आपल्यात बोलवावं.

म्हणून माझं सुचवणं असं आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा मूडल वापरणाऱ्यांचा मेळावा घ्यावा, मराठीत. मोठं सभागृह नको, हार-तुरे नकोत. एक संगणक प्रयोगशाळा आणि जेवणाची सोय पुरे. तो दरवर्षी नाशिक शहरात नको. एका वर्षी कळवणला व्हावा, एका वर्षी मालेगावला, एका वर्षी सुरगाण्याला, म्हणजे तिथलं नेटवर्क शहरातल्या शिक्षकांनाही अनुभवता येईल. येणाऱ्याने भाषण आणू नये. आपली एक अडचण आणावी आणि आपण सोडवलेली एक अडचण आणावी. प्रयोगशाळा सहायकांना त्यात प्राध्यापकांइतकंच स्थान असावं. सीएचबी शिक्षकांचे त्या दिवसांचे तास झाले असं धरून मानधन द्यावं. ही रक्कम कोणत्याही महाविद्यालयाला जड जाणारी नाही.

अशा मेळाव्यात पहिलं काम प्रश्नपेढीचं व्हावं. आज प्रत्येक महाविद्यालयात तेच अभ्यासक्रम शिकवले जातात आणि प्रत्येक शिक्षक तेच प्रश्न स्वतंत्रपणे टंकतो. कित्येकांकडे वर्षानुवर्षांचे चांगले प्रश्न आहेत, पण ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत अडकले आहेत. मूडलमध्ये चिकटवले की नुसती चिन्हं उमटतात. ते एकदा युनिकोडमध्ये आणले, नोटपॅडमध्ये साध्या ठरावीक रचनेत मांडले, की शेकडो प्रश्न एका फाइलमधून मूडलमध्ये घेता येतात. एका विषयाच्या दहा शिक्षकांनी एकत्र बसून हे केलं, तर तो विषय शिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाची पुढची कित्येक वर्षं सोपी होतील. त्यात ‘ऱ’चे दोन्ही प्रकार सुरुवातीपासून घालता येतील, म्हणजे पुन्हा कुणाच्या बरोबर उत्तराला शून्य मिळणार नाही.

वेळ कधीची, हेही सांगते. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंत रस्त्यांची काय अवस्था असते, हे प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. ते दिवस पावसाळ्यात, ऐन सत्रात येतात. तेव्हा वर्ग मूडलवरच न्यावे लागतील, आणि ते ऐनवेळी जमणार नाही. पहिला मेळावा त्याच्या बराच आधी, दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होताना व्हावा. प्रयोगशाळा कोणाची, एवढं आपण आपापसांत सुट्टीआधी ठरवलंत, तर मानधनाचा आणि रजेचा ठराव महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्याच बैठकीत ठेवता येईल. भूगोलाच्या प्रश्नांची पहिली फाइल मी आणि माझा सीएचबी सहकारी घेऊन येऊ. त्याचं नाव यादीत माझ्या आधी लिहावं.

आपली,
नाशिकमधल्या एका महाविद्यालयातली भूगोलाची प्राध्यापिका